भाड्याने द्यायचा फ्लॅट: तडजोड करताना या चुका टाळा

सिंहगड रोडवरचा फ्लॅट बघायला गेलो तेव्हा बायकोने ओट्याचा ग्रॅनाइट पाहिला आणि मी पार्किंगचं विचारलं. कागद कुणीच मागितले नाहीत. नंतर सगळे मिळाले, तो नशिबाचा भाग. गुंतवणुकीच्या घरात बहुतेकांची चूक अशीच होते. पुढे पैसे टाकून बदलता येईल त्यावर तास-तास घासाघीस, आणि जे आपल्या हातात नाही त्यावर "चालेल हो".

घेताना

"ओसी (इमारत राहायला योग्य असल्याचं महापालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र) येतेय, फाईल टेबलावर आहे" असं कुणी म्हणालं तर महापालिकेत जाऊन स्वतः चौकशी करा. भोगवटा प्रमाणपत्र नसलेला फ्लॅट स्वस्त मिळतो खरा, पण विकताना गिऱ्हाइकाची बँक तिथेच अडते आणि वाचलेले पैसे त्याला सूट म्हणून द्यावे लागतात. रिसेलला आधीचे सगळे करारनामे, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या कराराचा सरकारी उतारा) आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट हातात येईपर्यंत टोकन देऊ नका. जुनी फरशी, उडालेला रंग, रस्त्याकडचा हॉल यांवर खुशाल तडजोड करा.

हिशेबही घरीच करून जा. ६० लाखांचा फ्लॅट, महिना १६ हजार भाडं, म्हणजे वर्षाला १,९२,००० रुपये. त्यातून ३० हजार मेंटेनन्स आणि १० हजार मिळकतकर गेला की उरतात १,५२,०००. अडीच टक्के. एजंटच्या तोंडून हा आकडा मी तरी कधी ऐकलेला नाही.

विकताना

लाखभर रुपयांसाठी अडून बसलात आणि फ्लॅट सात महिने रिकामा राहिला, तर वरच्याच आकड्यांनी नुसतं भाडंच १,१२,००० रुपये बुडालं. इथे नमतं घ्या. पण "थोडे रोखीत घ्या" याला नाहीच म्हणा. स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदार १ टक्का टीडीएस (आयकराची आगाऊ कपात) कापतो. तो तुमच्या पॅनवर जमा झालाय का, हे बघूनच चावी द्या.

दुरुस्तीत

माझी खरी फजिती इथे झाली. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला त्यांच्या घरी नेलं आणि बाथरूमचं छत दाखवलं. पिवळा डाग, मधोमध पापुद्रे. प्लंबर म्हणाला, "फोडायला नको साहेब, फरशीच्या सांध्यांत एपॉक्सी (घट्ट बसणारा लुकण) भरतो." चार हजारांत सुटलो असं वाटलं. दोन महिन्यांत डाग परत हजर.

आधी गळती कुठली ते शोधायला हवं होतं. बाथरूम तीन-चार दिवस पूर्ण बंद ठेवा. तरीही ओल वाढत राहिली तर दोष बहुधा भिंतीतल्या नळाच्या लाइनचा, कारण तिच्यात पाणी कायम दाबाखाली असतं. वापर बंद केल्यावर ओल कमी झाली तर नाणी ट्रॅप (फरशीवरचं पाणी जातं त्या जाळीखालचं भांडं), ड्रेनचा सांधा किंवा वॉटरप्रूफिंग. आमच्याकडे ट्रॅपचाच सांधा सुटला होता. वरून कितीही एपॉक्सी भरलं तरी काय उपयोग?

शेवटी फरशी फोडलीच. वॉटरप्रूफिंग झाल्यावर लगेच टाइल लावायची घाई कंत्राटदार करतो, त्याला पुढचं काम गाठायचं असतं. त्याचं ऐकू नका. ड्रेन बंद करून पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलने पातळीची रेघ मारा आणि पाणी उतरतं का ते बघायला ४८ तास थांबा. (आणि आयकर भरताना ही बिलं भाड्याच्या उत्पन्नातून वजा होतील असं समजू नका, दुरुस्तीपोटी तिथे ३० टक्क्यांची सरसकट वजावटच मिळते.)

४८ तासांनंतर काकूंनी छताला हात लावून पाहिला. कोरडं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बरं झालं. आता रंगाचं काय?" ते पैसे मी मुकाट्याने दिले.