सॉलिड सरफेस: कुठे बसवावं, कुठे टाळावं आणि काम कसं करून घ्यावं

सोलापुरात घर बांधणारी मंडळी हल्ली हमखास विचारतात, "ताई, ओट्याला ते पांढरं, जोड न दिसणारं बसवायचं का?" घर बघितल्याशिवाय मी हो-नाही म्हणत नाही. पण एक गोष्ट सगळ्यांनाच सांगते. गॅसखाली ग्रॅनाइट राहू द्या. सिंकची बाजू, वॉशबेसिन, देवघर, दुकानाचं किंवा दवाखान्याचं काउंटर इथे सॉलिड सरफेस खुशाल घ्या.

हा दगड नव्हे. एक तृतीयांश ॲक्रिलिक आणि दोन तृतीयांश ॲल्युमिना ट्रायहायड्रेट, म्हणजे बॉक्साइटपासून काढलेली पांढरी भुकटी, असं साधारण मिश्रण ओतून त्याची शीट करतात. अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीने १९६७ मध्ये ते शोधलं आणि पुढे कोरिअन नावाने बाजारात आणलं. आता हाय-मॅक्स, स्टारॉन असे बरेच ब्रँड आहेत, तरी बाजारात सगळ्यालाच कोरिअन म्हणायची पद्धत आहे. म्हणून बिलावर ब्रँडचं नाव लिहून घ्या. रंग शीटच्या जाडीत आरपार एकच असतो. सनमायकाचा वरचा थर गेला की संपलं, इथे घासलं तरी खाली तोच रंग निघतो. छिद्रं नसल्याने तेल-पाणी आत मुरत नाही. आणि ॲक्रिलिक असल्यामुळे तापवलं की ते मऊ पडतं. १६० अंशांच्या आसपास तापवून आम्ही शीट वाकवतो, गोल काउंटर त्यातूनच होतात. स्वयंपाकघरात हाच गुण नडतो.

आपल्याकडे रोजची भाकरी. लोखंडी तवा आचेवरून उतरतो तेव्हा सहज २०० अंशांच्या पुढे असतो. शंभराच्या वरचं भांडं या शीटवर थेट टेकवायचं नाही, हा साधा नियम. पण घरात सासूबाई, सून, स्वयंपाकाच्या मावशी सगळ्यांचा वावर असतो. घाईत प्रत्येकीने दर वेळी खाली अडणी घ्यावी ही अपेक्षाच मला रास्त वाटत नाही. डाग पडला की बोलणी बाईला बसतात, वस्तूला कोणी बोलत नाही. त्यापेक्षा गॅसच्या दोन्ही बाजूंना दीड-दोन फूट ग्रॅनाइट घ्या आणि तिथून पुढे सॉलिड सरफेस सुरू करा. दोन्हींच्या मध्ये फट ठेवून सिलिकॉन भरायचं. दिसायलाही ते चांगलं दिसतं.

माल घेताना पहिला प्रश्न विचारा: शंभर टक्के ॲक्रिलिक आहे की पॉलिस्टर मिसळलेलं? पॉलिस्टरची शीट स्वस्त पडते आणि सपाट, सावलीतल्या टेबलाला चालूनही जाते. पण ती गोलाईत वाकवताना तडकते आणि ऊन लागणाऱ्या खिडकीपाशी पिवळी पडते. दुकानदाराकडून बोटभर रुंदीची पट्टी मागून घ्या आणि ती फॅब्रिकेटरला, म्हणजे शीट कापून-जोडून बसवणाऱ्याला, तुमच्यासमोर कापायला लावा. पॉलिस्टर कापताना फायबरच्या पत्र्यासारखा उग्र वास येतो. त्याच्याकडे तापवायची भट्टी असेल तर पट्टी वाकवूनच बघा, तिथे काही लपत नाही.

नेहमीची शीट १२ फूट लांब, अडीच फूट रुंद आणि १२ मिलिमीटर जाड असते. वजन ५५ ते ६० किलोच्या घरात, म्हणजे जिना चढवायला दोन-तीन माणसं लागतात. आपला ओटा साधारण दोन फूट रुंद, त्यामुळे लांबीभर सहा इंचांची पट्टी उरते. ती वाया घालवू देऊ नका. पुढची जाड कड आणि मागची उभी पट्टी त्यातूनच काढायची. दुसऱ्या बॅचच्या शीटमधून काढली तर पांढऱ्यातही फरक दिसतो. शीटच्या मागे बॅच नंबर छापलेला असतो. माल उतरवतानाच सगळ्या शीटचे नंबर जुळतात का ते बघा.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे. काळा किंवा गडद चॉकलेटी रंग ओट्याला नको. त्यावर स्टीलच्या डब्याचा प्रत्येक ओरखडा पांढरा दिसतो. ठिपक्यांचा राखाडी किंवा बदामी सगळ्यात सोयीचा. फिनिश मॅट ठेवा. चकचकीत पॉलिश शोरूममध्ये लक्ष वेधून घेतं, पण रोजच्या वापरात महिनाभरही टिकत नाही.

आता खरं काम. शीट कितीही चांगली असली तरी ओटा टिकतो तो जोडणाऱ्याच्या हातावर, म्हणून जोड लावताना तिथे उभं राहा. दोन्ही कडा राऊटरने, म्हणजे फिरत्या पात्याच्या मशीनने, सरळ केलेल्या हव्यात. हातकरवत किंवा मार्बल कटरची कड चालणार नाही. दोन्ही तुकडे कोरडे जुळवून बघायचे, मधून उजेड दिसता कामा नये. मग कडा डिनेचर्ड अल्कोहोलने (स्पिरिटने) पुसायच्या आणि स्वच्छ पांढरं कापड घ्यायचं, कारण रंगीत फडक्याचा रंग जोडात उतरतो. त्याच रंगाचा दोन भागांचा ॲक्रिलिक गोंद भरून क्लॅम्पने ओढून घेताना एक जागा नीट बघा. जोडाच्या पूर्ण लांबीवर गोंदाची बारीक वरंबी वर आली पाहिजे. क्लॅम्प फार आवळला तर सगळा गोंद बाहेर पडतो आणि जोड उपाशी राहतो. वरंबी ओली असताना पुसायची नाही, पुसली की जोडात खाच पडते. गोंद पूर्ण कडक होऊ द्यायचा. नखाने दाबून खूण उठत नाही अशी खात्री झाली की मग राऊटर आणि सँडर, म्हणजे घासायचं मशीन. आमचे मिस्त्री तेव्हा घरमालकाला म्हणतात, "थांबा की जरा, चहा घेऊन या." ते ऐका.

एल आकाराच्या ओट्यात आतला कोपरा काटकोनात कापलेला दिसला तर काम थांबवा. तिथे किमान अर्ध्या इंचाची गोलाई हवी आणि जोड कोपऱ्यापासून तीनेक इंच बाजूला. टोकदार कोपऱ्यावर सगळा ताण एकवटतो आणि चीर तिथूनच सुरू होते. सिंकच्या खाचेलाही हेच लागू. हॉब, म्हणजे ओट्यात खाच करून बसवायचा गॅस, सॉलिड सरफेसमध्येच बसवायचा हट्ट असेल तर खाचेच्या कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, कोपरे गोल ठेवा, भोवती ॲल्युमिनियमची टेप लावा आणि हॉबच्या आसपास जोड येऊ देऊ नका.

ऊन ही आपल्या गावची खास गोष्ट. डिसेंबरातली पहाट आणि मेमधली दुपार यांत सोलापुरात ३० अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्यात १२ फुटांची शीट जवळपास ३ मिलिमीटर लांबते. ग्रॅनाइटसारखी भिंतीत घट्ट ठोकून बसवली तर ती जाणार कुठे? वर उचलते किंवा जोडाला फाटते. म्हणून भिंतीलगत ३ मिलिमीटर फट आणि त्यात लवचिक सिलिकॉन. खाली वॉटरप्रूफ प्लायच्या पट्ट्यांची चौकट हवी, जोडाखाली आणि सिंकच्या चारी बाजूंना आधार हवा. शीट चौकटीवर सिलिकॉनच्या ठिपक्यांनी बसवायची, स्क्रू मारायचा नाही. फर्शीवाले आपल्या सवयीने सिमेंटवर टेकवायला बघतात. कडप्प्याला ते योग्य, याला नाही.

स्वयंपाकघरातलं सिंक मात्र स्टीलचंच घ्या, खालून बसवा. कुकर, कढया आपटल्या जातात, उकळतं पाणी ओतलं जातं. बेसिनची गोष्ट वेगळी. तिथे त्याच साहित्याचं बेसिन खालून चिकटवलं की काउंटर आणि बेसिन एकसंध होतं, कड नाही, कपारीत काळं धरत नाही. दवाखान्याच्या काउंटरलाही मी हेच सुचवते, भिंतीकडची बाजू गोलाईने वर चढवून. पुसणाऱ्या बाईचं काम निम्म्यावर येतं.

देवघरासाठी ६ मिलिमीटरची शीट पुरते. सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, ॐ, कमळ, जाळी कोरून मागे एलईडी लावला की पांढऱ्या शीटमधून मऊ उजेड झिरपतो. मला स्वतःला हे काम सगळ्यात जास्त आवडतं. पण निरंजन थेट शीटवर ठेवू नका, पितळी ताटात ठेवा. ज्योतीच्या वर भरपूर मोकळी जागा सोडा आणि कापराची आरती ओवाळून झाली की ती पाटावर. कुंकू, अष्टगंध सांडलं तर कोरडं असतानाच झटकून घ्या, मग ओलं फडकं.

धुळीबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. क्वार्ट्झच्या कृत्रिम दगडात सिलिका भरपूर असते. तो कापणाऱ्या कामगारांना सिलिकोसिस, म्हणजे त्या धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार, होऊ लागल्यावर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदी घातली. सॉलिड सरफेसचा आधार सिलिकेचा नाही, पण त्याची बारीक धूळही फुप्फुसात जायची वस्तू नव्हे. तुमच्या घरात घासकाम चालू असेल तर काम करणाऱ्या पोरांच्या तोंडावर रुमाल नको, चांगला मास्क हवा, आणि सँडरला धूळ ओढणारी पिशवी. आमच्या वर्कशॉपात याशिवाय मशीन सुरू होत नाही. तुमच्या फॅब्रिकेटरलाही आग्रहाने सांगा, चार पैसे जास्त लागले तरी द्या.

रोजची निगा सोपी. भांड्याचं लिक्विड आणि ओलं फडकं, मग कोरडं पुसणं. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांच्या नळाभोवती पांढरा थर बसतो. तो व्हिनेगरने काढा, पण व्हिनेगर साचू देऊ नका. हळदीचा डाग लिक्विडने गेला नाही तर पातळ केलेलं ब्लीच लावा आणि पाच मिनिटांत धुऊन टाका. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र नको, विषारी वायू होतो. नेलपॉलिश रिमूव्हर आणि ड्रेन साफ करायचं केमिकल शीटपासून लांब ठेवा. भाजी विळीवर किंवा पाटावरच चिरा. बारीक ओरखडे हिरव्या घासणीने गोल गोल हात फिरवून जातात. खोल असतील तर १८०, २२०, ३२० अशा चढत्या नंबरच्या पेपरने, पण एकाच जागी जोर लावू नका, खड्डा होतो. आजूबाजूचा हातभर भागही सोबत घासायचा.

जळालेला डाग किंवा मोठा टवका असेल तर तेवढा भाग कापून तिथे त्याच शीटचा तुकडा जोडता येतो. त्यासाठी सिंकच्या खाचेतून निघालेला तुकडा काम संपायच्या आधीच मागून घ्या, नाहीतर तो भंगारात जातो. मी तो सिंकखालच्या कपाटात, आतल्या बाजूला सिलिकॉनने चिकटवून देते आणि वर मार्करने ब्रँड, रंगाचं नाव आणि बॅच नंबर लिहिते.