ऑफिसातले हेडशॉट: हिरवट झाक, चष्म्याची चमक आणि दर

हिंजवडीतल्या एका ऑफिसात सगळ्या टीमचे हेडशॉट (खांद्यांपर्यंतचे चेहऱ्याचे फोटो) काढायचे होते. ट्यूबलाइटमुळे चेहऱ्यांवर हिरवट झाक येत होती, चष्म्यांत सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा उजेड मऊ करणारी कापडी पेटी) चमकत होता. खोलीतला उजेड फोटोत येऊ नये म्हणून कॅमेऱ्यावर शटर १/१६०, अ‍ॅपर्चर एफ/८, आयएसओ १०० ठेवून फ्लॅशशिवाय एक फ्रेम काढली. ती पूर्ण काळी आली, म्हणजे ट्यूबचा उजेड बाद आणि हिरवट झाकही. मग सॉफ्टबॉक्स ४५ अंशांवर, डोळ्यांच्या बराच वर नेला आणि खालून उजेड चेहऱ्यावर परतावा म्हणून छातीखाली पांढरा थर्माकोल धरला. तरी चमक उरलीच, तर चष्म्याच्या काड्या कानांवरून किंचित उचलायच्या. काचा खाली झुकतात आणि डोळे स्वच्छ दिसतात. हे फार कामाचं आहे!

दर नुसता माणशी लावू नका. सेटअपचे पैसे वेगळे घ्या, माणशी दरात रिटच केलेला (संगणकावर सफाई केलेला) एकच फोटो. त्या दिवशी रजेवर असलेल्यांसाठी पुन्हा जावं लागलं, तर सेटअप पुन्हा आकारतो, आणि हे कोटेशनमध्येच लिहितो.