घरातल्या चिकन-अंड्यांचा खरा खर्च कसा मोजायचा

महिन्याला चिकनवर किती जातात, असं विचारलं की बहुतेक जण रविवारचं बिल चाराने गुणतात. हा आकडा हमखास चुकतो. वारांचं पथ्य, श्रावण, पाहुणे आणि बाहेरून मागवलेली बिर्याणी त्यात येत नाही. शिवाय पाटीवरचा भाव आणि ताटात पडणाऱ्या मांसाचा भाव यांत मोठं अंतर असतं.

नोंदीचा काळ ठरवताना केंद्र सरकारच्या घरगुती उपभोग खर्च पाहणीची पद्धत घ्या. तिथे अंडी, मासे, मांस यांचा खर्च मागच्या 7 दिवसांचा विचारतात, कारण त्यापलीकडचं नीट आठवत नाही. पण पाहणी वर्षभर चालते. 2022-23 ची पाहणी ऑगस्ट ते जुलै अशी झाली. घरीही तसंच करा. दर महिन्यात एकच आठवडा लिहा, पण तो सरकवत न्या: जानेवारीत पहिला, फेब्रुवारीत दुसरा, मार्चमध्ये तिसरा. कायम पहिलाच आठवडा धरला तर पगाराच्या हाताने केलेली खरेदीच मोजली जाते. आठवडा पूर्ण सात दिवसांचा हवा, म्हणजे बुधवार, शुक्रवार, रविवार तिन्ही त्यात येतात. बारा आठवड्यांची बेरीज गुणिले 4.33 म्हणजे वर्षाचा खर्च.

गटारी, धुळवड, पाहुण्यांचं जेवण यांचा हिशेब मात्र वेगळ्या पानावर, वर्षभर, जसा झाला तसा लिहा आणि शेवटी मिळवा. तो 4.33 ने गुणायचा नाही, नाहीतर एकाच गटारीच्या चार गटाऱ्या होतात. हॉटेलचं चिकनही वेगळं ठेवा. सरकारी पाहणीतही विकतचं शिजवलेलं जेवण मांसाच्या रकान्यात येत नाही. त्या पाहणीत 2022-23 मध्ये अंडी-मासे-मांस मिळून ग्रामीण भागात एकूण खर्चाच्या सुमारे 5 टक्के, तर शहरात सुमारे साडेतीन टक्के भरले. यात मटण-मासळीही आहे आणि शाकाहारी घरंही आहेत, त्यामुळे आपला आकडा याच्याशी ताडताना घाबरून जाऊ नका.

आता भावाकडे वळू. दुकानात चार पाट्या असतात: जिवंत, विथ स्किन, स्किनलेस, बोनलेस. 2 किलोची बॉयलर कोंबडी सोलून कातडीसकट साधारण 1.4 किलो भरते, कातडी काढली की सव्वा किलोच्या आसपास. म्हणून जिवंत भाव गुणिले 1.6 हा स्किनलेसचा वाजवी भाव. समजा जिवंत 150 असेल तर स्किनलेस 240 च्या आसपास हवा. त्यावर कापणावळीचे दहा-वीस रुपये ठीक. कलेजी-पेटा तुम्हाला मिळतो की दुकानात राहतो, हे विचारा. जिवंत वजनाने पैसे दिले असतील तर तो तुमचाच आहे.

स्किनलेस करी कटमध्ये किलोमागे साधारण 300 ग्रॅम हाडं असतात. म्हणजे 260 रुपये किलोचं मांस प्रत्यक्षात 370 ला पडतं. त्यामुळे बोनलेसचा भाव करी कटच्या 1.4 पटीपर्यंत असेल तर तो महाग नाही. रस्सा करायचा असेल तर हाडंच घ्या, चव त्यांतूनच उतरते. पण कबाब किंवा खिम्यासाठी करी कट आणून घरी मांस सोडवण्यात बचत नाही.

वजनात सगळ्यात जास्त फसगत पाण्याने होते. तुकडे धुऊन मग काट्यावर ठेवले तर पाण्याचेही पैसे जातात. आधी वजन, मग धुणं. फ्रोझन पाकीट एकदा तरी वितळवून, निथळून घरच्या काट्यावर ठेवा. पाकिटावरच्या वजनापेक्षा जितकं कमी भरेल, तितका भाव मनात वाढवा.

अंड्यांचा हिशेब सोपा. राष्ट्रीय अंडी समन्वय समिती पुणे, मुंबईसह ठिकठिकाणचा 100 अंड्यांचा घाऊक दर रोज जाहीर करते. त्याला शंभराने भागा आणि दुकानातल्या भावाशी लावून पाहा. फरकात वाहतूक, फुटतूट आणि नफा आला. 30 चा ट्रे स्वस्त वाटतो, पण आठवडा-दोन आठवड्यांत संपत नसेल तर डझनच बरं. फुटलेली, फेकलेली अंडी वहीत खर्चातच धरा. थंडीत मागणी वाढून दर चढतात, श्रावणात चिकन आणि अंडी दोन्ही उतरतात, म्हणून तीन महिन्यांच्या नोंदीवरून वर्षाचा अंदाज बांधू नका.

दोन्हींची तुलना प्रथिनांवर करा. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रथिनं, 100 ग्रॅम बिनहाडाच्या कच्च्या चिकनमध्ये 20 ग्रॅमच्या पुढे. अंडं 7 रुपयांना धरलं तर 20 ग्रॅमला सुमारे 23 रुपये. वरच्या हिशेबाने चिकनला सुमारे 37. महिनाअखेरीला हात आखडला असेल तर अंडाकरी हाच शहाणपणाचा पर्याय आहे.

गावरान कोंबडी नगावर घेतली तरी घरी आणून वजन करा आणि किलोचा भाव काढा. हाडं जास्त आणि मांस चिवट, म्हणून गॅसही जास्त जातो. भाव ऐकून थक्क झालात तर पक्षी कुठला हेही विचारा. गावरान म्हणून गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जातीही विकल्या जातात. त्या वाईट नाहीत, पण भाव देशीचा देऊ नये.

दारात कोंबड्या असतील तर घरची अंडी फुकट लिहू नका. गावात ज्या भावाने तुम्ही ती विकली असती, तो भाव लावा. देशी कोंबडी वर्षाला साधारण 50 ते 80 अंडी देते, तेवढाच धान्याचा खर्च तिच्यावर झेपतो. एक खबरदारी घ्या: अंड्यांची किंमत खाण्याच्या रकान्यात धरली की कोंबड्यांना घातलेली ज्वारी-मका तिथे पुन्हा मांडायची नाही. ती कोंबडीपालनाच्या पानावर जाते.