सक्रिय थराची खोली मोजताना या चुका टाळा

पर्माफ्रॉस्टच्या, म्हणजे सलग दोन किंवा अधिक वर्षे गोठलेल्या जमिनीच्या वर, दर उन्हाळ्यात वितळणारा आणि हिवाळ्यात पुन्हा गोठणारा मातीचा जो थर असतो, त्याला सक्रिय थर म्हणतात. त्याची खोली मोजायची म्हणजे सळई खुपसायची आणि ती अडली की आकडा लिहायचा, अशी नवख्यांची पक्की समजूत असते, आणि त्यामुळे त्यांच्या वह्यांत दरवर्षी त्याच त्या चुका सापडतात.

सर्वांत महागात पडते ते सळई अडली म्हणजे गोठलेली जमीन लागली, असे धरून चालणे. उत्तर अलास्कातील एका दगडगोट्यांच्या उतारावर आमच्या तुकडीतील एका उत्साही तरुणाने दुपारच्या आतच सगळे बिंदू मोजून संपवले. वहीत पंचवीस-तीस सेंटिमीटरचे आकडे ओळीने लागले होते. कोरडा, खडकाळ उतार सहसा दलदलीपेक्षा खोलवर वितळतो, म्हणून त्याच्याच एका खुणेपाशी खणून पाहिले, तर सळईच्या टोकाशी चपटा दगड होता आणि त्याभोवतीची माती चार अंशांवर होती. सगळी मोजणी पुन्हा करावी लागली. दगडावर सळई खणकन वाजते आणि हाताला झिणझिण्या येतात, तर गोठलेल्या मातीवर आवाज बद्द येतो. पण हा फरक ओळखायला सावकाश काम करावे लागते आणि घाई असलेल्यांना नेमके तेच जमत नाही. मी प्रत्येक बिंदूवर वीतभर अंतराने दोन-तीनदा सळई घालतो, आणि जमीन फारच खडकाळ असेल तर सळईचा नाद सोडून थर्मिस्टरची (तापमान मोजणाऱ्या सेन्सरची) माळ पुरतो. याउलट बारीक चिकणमातीत किंवा खारट जमिनीत शून्याखालीही काही पाणी द्रवरूपात राहते आणि सळई गरजेपेक्षा खोल उतरते.

जुलैमधला आकडा सक्रिय थराची जाडी म्हणून देऊ नये. आर्क्टिकमध्ये वितळण्याची कमाल खोली बहुधा ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत येते.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. पर्माफ्रॉस्टच्या माथ्याजवळ बर्फाचे प्रमाण बरेचदा जास्त असते. तो बर्फ वितळून पाणी निघून गेले की वरची जमीनच खचते, आणि गेल्या वर्षीपेक्षा खोलवर वितळूनही सळई जवळपास तोच आकडा दाखवते. मग अहवालात ‘बदल नाही’ असे लिहिले जाते. पर्माफ्रॉस्टमध्ये खोलवर पक्का रोवलेला दांडा ठेवून त्याच्या तुलनेत पृष्ठभागाची उंची नोंदवली नाही, तर अशा आकड्यांवर मी विश्वास ठेवत नाही.

हवा शून्याखाली गेली म्हणजे जमीन गोठली, असेही समजू नये. एक किलो पाणी गोठताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, त्यामुळे ओल्या थराचे तापमान कित्येक आठवडे शून्याजवळच अडून राहते. थंड पर्माफ्रॉस्ट असेल तर गोठण खालूनही वर सरकते. म्हणून केवळ वरचा एक सेन्सर पाहून तारीख ठरवणे निरर्थक आहे.

जमिनीला उष्णतेपासून झाकणारे मॉस (शेवाळासारखी वनस्पती) आणि पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) खरवडून काढणे हा बांधकामवाल्यांचा आवडता ‘सोपा मार्ग’ आहे. अलास्कातील फेअरबँक्स येथे १९४६ मध्ये असा एक भूखंड मुद्दाम उघडा करण्यात आला. २६ वर्षांत तेथील पर्माफ्रॉस्ट सुमारे ६.७ मीटर खोलीपर्यंत वितळला.

मोजणीसाठी रोज एकाच वाटेने जाऊ नये, कारण तुडवलेल्या मॉसखाली जमीन जास्त वितळते आणि मोजणाऱ्याची पायवाटच नोंदीत उतरते. दलदलीत मी फळ्या टाकतो आणि त्यांच्या कडेपासून हातभर दूर सळई घालतो.