गावाबरोबर आरोग्य-संशोधन करताय? या चुका टाळा

वर्षभराचं, दोन-तीन लाखांचं अनुदान. विद्यापीठ आणि गावाने मिळून आरोग्याचा एक प्रश्न नीट तपासायला एवढे पैसे पुरतात. वेळ पुरत नाही. हप्ता खात्यात पडेपर्यंत महिने जातात आणि ३१ मार्च कुणासाठी थांबत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रस्ताव आधी आणि गाव नंतर. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी सरपंचांना फोन जातो, ‘लेटरहेडवर सही-शिक्का मारून व्हॉट्सअ‍ॅपवर टाका.’ ही भागीदारी नव्हे. गडचिरोलीच्या एका गावात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या अभ्यासाला असाच एक चमू आला, तोही ऐन मे महिन्यात, तेंदूपत्त्याच्या हंगामात. पहाटेच माणसं जंगलात, दुपारी पुडके बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे खरेदी केंद्रावर, विकायचे. घरी सापडले ते बहुतेक म्हातारे आणि आजारी. त्यांचंच रक्त घेतलं. त्यावरून काढलेली टक्केवारी अख्ख्या गावाची कशी म्हणायची? आशाताईला एकदा विचारलं असतं, तर हंगाम संपल्यावर, भाताच्या रोवणीआधी या, असं तिनेच सांगितलं असतं.

पुढचं त्याहून वाईट. रिपोर्ट गावात आलेच नाहीत. नवरा-बायको दोघंही वाहक असले, म्हणजे स्वतः आजारी नसले तरी आजार पुढे देऊ शकत असले, तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. रक्त देणाऱ्यांत लग्नाच्या वयाच्या दोन-तीन मुलीही होत्या. त्यांच्या आया दर आठवड्याला आशाताईला गाठायच्या आणि ती बिचारी ‘विचारते मी’ एवढंच म्हणायची. रक्त घ्यायचं आणि निकाल द्यायचा नाही, याला मी फसवणूकच म्हणतो. माझ्या अंदाजपत्रकात पहिली ओळ रिपोर्ट घरपोच देण्याची आणि समुपदेशनाची असते. ती कापली, तर मी त्या कामात नसतो.

मजुरीचंही तसंच. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी देता येते, हे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत आहे. तरी प्रस्तावात लॅपटॉप असतो, मजुरी नसते. असलीच तर ऐनवेळी बायकांची खाती केवायसीअभावी बंद निघतात. मी पहिल्याच बैठकीला पासबुकं आणायला सांगतो.

नीतिशास्त्र समितीची मंजुरी येण्याआधी ‘नुसता सराव’ म्हणून प्रश्नावली भरून घेऊ नका. माडिया ही आदिवासी भाषा बोलणाऱ्या बाईपुढे पुस्तकी मराठीतलं संमतीपत्र धरून अंगठा घेऊ नका.

‘एवढा वेळ कुठे आहे?’ असं नवे लोक हमखास विचारतात. त्यांनी गडचिरोलीतल्या शोधग्रामला, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या आवारात, जाऊन यावं. ‘सर्च’ने तिथला दवाखाना कसा हवा हे आदिवासींना विचारलं, झोपड्यांसारखा बांधला आणि त्याला माँ दंतेश्वरीचं नाव दिलं. घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा त्यांचा अभ्यास १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, पण संस्थेचं गडचिरोलीतलं काम सुरू झालं होतं १९८६मध्ये.

आणि पावत्या रोजच्या रोज लावा. विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे कशावर खर्च झाले याचा दाखला, अडलं की दुसरा हप्ता अडतो, आणि मानधन थकतं ते आशाताईचं.