रात्रीचा खोकला: आधी झबलं वर करा

लहान मूल रात्री खोकायला लागलं की अख्खं घर त्याच्या तोंडाकडे बघत बसतं. माझी नोकरी मुलांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून झाली, आता दम्याचा त्रास असलेला नातू सांभाळते. नव्या आयांना मी एकच सांगते: खोकला किती मोठ्याने येतो यावरून मूल किती आजारी आहे ते कळत नाही. दिवा लावा, झबलं वर करा आणि छाती-पोट बघा. श्वास घेताना बरगड्यांखालची कातडी आत ओढली जाते का? गळ्याखाली खळगा पडतो का? बायका 'पोट उडतंय' म्हणतात ते हेच. मग मूल शांत किंवा झोपेत असताना घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. अर्ध्या मिनिटाची दुप्पट करू नका, लहान मुलांचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत 40 किंवा जास्त श्वास म्हणजे जलद. पोट उडत असेल किंवा श्वास जलद असेल, तर सकाळची वाट बघायची नाही.

यानंतर कान द्या. आवाज श्वास आत घेताना येतो की बाहेर सोडताना?

आत घेताना कर्कश आवाज, बसलेला गळा आणि कुत्रं भुंकल्यासारखा खोकला, हा क्रूप. बहुतेक सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना होतो. संध्याकाळी नुसतं नाक वाहत असतं आणि मध्यरात्री एकदम हे सुरू होतं. विषाणूमुळे स्वरयंत्राला आणि त्याखालच्या श्वासनलिकेला सूज येते, आणि मुळात ती नळी एवढीशी, म्हणून आवाज भयंकर. डांग्या खोकला वेगळा. त्यात एकामागून एक उबळी येतात, शेवटी मूल ओढून श्वास घेतं, कधी ओकतं.

क्रूपमध्ये मुलाला कडेवर उभं घ्या आणि रडू देऊ नका, रडण्याने त्रास वाढतो. गॅलरीत जा, खिडकी उघडा. थंड हवेने पुष्कळ मुलांना उतार पडतो. वाफ देऊ नका. तिचा उपयोग होतो असं दिसलेलं नाही, आणि वाफेचं पातेलं अंगावर सांडून भाजलेली मुलं मी वॉर्डात पाहिली आहेत. चमचा घालून घसा बघायचा नाही. डॉक्टर बहुतेक वेळा वजनाप्रमाणे डेक्सामेथासोनचा एक डोस देतात, काही तासांत सूज उतरते. स्टेरॉइड म्हटल्यावर घाबरू नका, एका डोसाने काही होत नाही. मूल शांत बसलेलं असतानाही तो आवाज येत असेल तर मात्र थेट हॉस्पिटल. तिथे नेब्युलायझरमधून, म्हणजे औषधाचा बारीक फवारा करणाऱ्या यंत्रातून, ॲड्रेनलिन देतात आणि काही तास थांबवून घेतात, कारण त्याचा असर उतरतो. लगेच घरी सोडा म्हणून हट्ट धरू नका.

मुलाला गिळता येत नाही, लाळ गळते, ताप चढलेला आहे आणि ते पुढे वाकून बसलंय, तर त्याला आडवं न करता तसंच घेऊन निघा. आणि ताप नाही, सर्दी नाही, खेळता खेळता किंवा खाताना अचानक ठसका लागून आवाज बदलला, तर शेंगदाणा नाहीतर फुटाणा श्वासनलिकेत गेल्याची शंका घ्या. खोकला थांबला तरी दाखवा.

आता दुसरा आवाज. श्वास सोडताना शिट्टी, पहाटेचा खोकला, धावल्यावर किंवा खूप हसल्यावर खोकला, दर सर्दी छातीत उतरणं, घरात कुणाला दमा, इसब किंवा सकाळच्या शिंका, असं असेल तर दम्याची शंका येते. पाच वर्षांच्या आत डॉक्टर लगेच 'दमा' म्हणत नाहीत, कारण पुष्कळ मुलांना फक्त सर्दीतच शिट्टी वाजते आणि मोठी झाल्यावर थांबते. पालकांना तर तो शब्दच नको असतो. मुलगी असली की विचारूच नका, लग्नाला अजून वीस वर्षं आहेत तरी! नाव काहीही द्या, उपचार वेळेवर करा.

पंपाची, म्हणजे इनहेलरची, सवय लागते म्हणून सिरप मागणाऱ्यांना मी हिशेब दाखवते. साल्ब्युटामॉल हे आवळलेल्या श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध. त्याच्या नेहमीच्या सिरपमध्ये 5 मिलीला 2 मिलिग्रॅम औषध असतं. पंपाच्या एका दाबात 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे त्याचा विसावा भाग, आणि तो थेट छातीत जातो. सिरप आधी पोटात, मग सगळ्या अंगात. म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. पंप दोन असतात. एक, बहुतेक निळा, धाप लागल्यावर लगेच घ्यायचा. दुसरा, बुडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनचा, रोजचा. त्याने त्या रात्री काही होत नाही, श्वासनलिकांची सूज हळूहळू कमी होते. मूल पंधरा दिवस खोकलं नाही की घरचे नेमका हाच बंद करतात. मूल खोकत नाही ते त्या पंपामुळेच! बंद करायचं ते डॉक्टर ठरवतील.

लहान मुलाला पंप स्पेसर (पंपाला जोडायचं प्लास्टिकचं पोकळ नळकांडं) आणि मास्क लावूनच. पंप हलवा, मास्क नाक-तोंडावर घट्ट बसवा, एकदा दाबा आणि मुलाला पाच-सहा श्वास आरामात घेऊ द्या. अगदी तान्ह्याला दहापर्यंत. अर्धा मिनिट थांबा, परत हलवा, मग दुसरा दाब. दोन दाब एकदम मारायचे नाहीत. रडणाऱ्या मुलाच्या छातीत औषध फार कमी पोचतं, म्हणून बरं असतानाच मास्कची ओळख करून द्या. आमच्याकडे आधी बाहुलीला पंप मिळतो, मग साहेबांना. स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून निथळत ठेवा. फडक्याने आतून पुसला तर प्लास्टिकला औषध चिकटून बसतं. रोजच्या पंपानंतर चूळ, आणि ओल्या फडक्याने तोंड पुसायचं.

धाप लागली तर काय करायचं ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. आमच्या कागदावर आहे: निळ्याचे दोन दाब, एकेक करून, वीस मिनिटांनी परत, तासाभरात तिसऱ्यांदा लागले तर हॉस्पिटल. तुमचा आकडा वेगळा असेल. पण मुलाला दूध पिता येत नाही, शब्द तुटतात, ओठ निळसर दिसतात किंवा ते सुस्त पडलंय, तर मिनिटं मोजू नका. 108 ला फोन करा आणि गाडीतही पंप देत राहा. शिट्टी थांबली पण मूल थकलंय, हे बरं होण्याचं लक्षण नव्हे.

घरात पहिला शत्रू धूर. विडी-सिगारेट, डासांची कॉइल, धूप, आणि तान्ह्याला न्हाऊ घातल्यावर दिलेली ओव्याची धुरी. मी स्वतः सासू आहे म्हणून हक्काने सांगते, धुरी बंद करा आणि वेखंडाची पूडही अंगावर उडवू नका. कॉइलऐवजी मच्छरदाणी. मिरचीची खाट उठणार असेल तेव्हा मुलाला बाहेर पाठवा. दिवाळीत फटाक्यांजवळ नेऊ नका. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने 2016 मध्ये सहा फटाके तपासले, त्यात सगळ्यात जास्त सूक्ष्म धूर नागगोळीचा निघाला. तीच आपण 'आवाज नाही ना' म्हणून लहानांच्या हातात देतो.

धुळीतले किडे गादी-उशीत राहतात. अभ्रे-चादरी आठवड्याला गरम पाण्यात धुवा, कोरडा झाडू मारण्याऐवजी ओलं फडकं फिरवा. पावसाळ्यात कपाटामागची भिंत बघा. ओल आणि काळी बुरशी असेल तर पलंग तिथून हलवा, ओले कपडे त्या खोलीत वाळत घालू नका. गाजर गवत फुलण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटा. केळं, दही, पेरू मात्र सरसकट बंद करू नका. एखादी गोष्ट खाल्ल्यावर दर वेळी त्रास होतो असं दिसलं तरच डॉक्टरांना सांगा. वाढत्या वयात खाणं तोडायला सोपं असतं, वजन भरून काढायला नाही.

खोकल्याची उरलेली बाटली काढू नका. 2025 च्या ऑक्टोबरात, छिंदवाड्यात विषारी सिरपने मुलं दगावल्यावर, केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने परत बजावलं: दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधं नकोत, पाच वर्षांखालीही सहसा नकोत. एक वर्षावरच्या मुलाला झोपताना अर्धा चमचा मध चालतो, त्याखाली अजिबात नाही.

बालवाडीच्या बाईंकडे निळा पंप, स्पेसर आणि त्या कागदाची एक प्रत द्या, आणि पंप कसा द्यायचा ते एकदा समोर करून दाखवा. मेच्या शेवटी बालरोगतज्ज्ञांना फ्लूच्या लशीचं विचारा. ती सहा महिन्यांच्या वयापासून देता येते, दर वर्षी घ्यावी लागते, आणि पावसाळ्याआधी घेतलेली बरी.