ओंटारियोत घर घेतलंय? हीटिंगच्या रिबेटआधी क्रम समजून घ्या

ऑक्टोबर लागला की नवीन घर घेतलेल्या मंडळींचे मेसेज सुरू होतात. दादा, फर्नेस जुनी आहे, हीट पंप घ्यावा म्हणतो, सरकार किती पैसे देतं? (फर्नेस म्हणजे घर गरम करणारी भट्टी, हीट पंप म्हणजे बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता विजेवर आत आणणारं मशीन, आणि कामानंतर योजनेतून परत मिळणारे पैसे म्हणजे रिबेट.) विचारायलाच पाहिजे, पण त्याच्या आधी विचारायची गोष्ट वेगळी आहे, ती म्हणजे पहिलं काय करायचं आणि नंतर काय. इतकी वर्षं ओळखीपाळखीतल्या लोकांचे अर्ज बघून सांगतो, रिबेट हुकतो तो बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. लोक काम करून मोकळे होतात, मग निवांत फॉर्म भरायला बसतात आणि तिथे लिहिलेलं असतं की कामाच्या आधीचा रिपोर्ट जोडा. तो आता कुठून आणणार?

आधी जुनी माहिती डोक्यातून काढून टाका. ज्यांनी २०२१ ते २०२३ मधे कामं केली ते अजूनही पाच हजारांच्या ग्रांटबद्दल सांगतात. ती कॅनडा ग्रीनर होम्स ग्रांट, मे २०२१ मधे सुरू झाली होती आणि नवीन अर्ज घेणं २०२४ च्या सुरुवातीला बंद झालं. तिच्या जोडीला बिनव्याजी कर्ज होतं, ४०,००० डॉलरपर्यंत, दहा वर्षांत फेडायचं, तेही नवीन लोकांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून बंद. एन्ब्रिज या गॅस कंपनीची जुनी दहा हजारांपर्यंतची योजनाही गेली. त्यामुळे कोणी फोनवर ग्रीनर होम्स ग्रांट मिळवून देतो म्हणाला तर तिथेच फोन ठेवा.

सध्या ओंटारियोत बघायची ती होम रिनोव्हेशन सेव्हिंग्स प्रोग्राम, जानेवारी २०२५ मधे सुरू झालेली, सेव्ह ऑन एनर्जी (प्रांताच्या वीज यंत्रणेचा बचत कार्यक्रम) आणि एन्ब्रिज गॅस मिळून चालवतात. जाहिरातीत खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत असं येतं, पण प्रत्येक कामाचा आकडा वेगळा आहे आणि सगळ्यात मोठा फरक कशामुळे पडतो ते बघा. घर विजेवर गरम होत असेल, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेले विजेचे बेसबोर्ड हीटर असतील, तर थंड हवामानात चालणाऱ्या, हवेतून उष्णता घेणाऱ्या एअर सोर्स हीट पंपला ७,५०० डॉलरपर्यंत आणि जमिनीखाली पाइप टाकून करतात त्या ग्राउंड सोर्सला १२,००० पर्यंत. घर गॅसवर असेल तर तोच एअर सोर्स पंप, पण २,००० पर्यंतच. ब्रॅम्प्टन, मिसिसागा, मिल्टनकडची आपली बहुतेक घरं गॅसवरच आहेत, त्यामुळे साडेसात हजार ऐकून हिशोब मांडू नका. सही करायच्या दिवशी योजनेच्या स्वतःच्या साइटवर जाऊन आकडे आणि अटी पुन्हा बघा, ओळखीतल्या कोणी पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका.

आता क्रम. सगळ्यात पहिलं होम एनर्जी असेसमेंट. नॅचरल रिसोर्सेस कॅनडाकडे नोंद असलेला एनर्जी अ‍ॅडव्हायजर घरी येतो, फी आधी आपण भरतो, आणि योजनेच्या अटी पूर्ण केल्या की ६०० डॉलरपर्यंत परत मिळतात. काही कामांना हे असेसमेंट लागत नाही, उदाहरणार्थ स्मार्ट थर्मोस्टॅट, पण खिडक्या, भिंतीचं इन्सुलेशन (उष्णता अडवणारं भरण), फटी बुजवणं असलं काही करायचं असेल तर आधी एक आणि काम झाल्यावर एक, दोन्ही लागतात. मी तर म्हणतो लागत नसलं तरी करून घ्या, कारण त्या दोन-तीन तासांत तुमच्या घराबद्दल जे कळतं ते कुठलाही सेल्समन सांगणार नाही.

काय करतात ते सांगतो. घराच्या पुढच्या दाराच्या चौकटीत एक जाड कापड ताणून बसवतात, त्यात मोठा पंखा असतो, बाकी सगळी दारं-खिडक्या बंद. पंखा घरातली हवा बाहेर ओढायला लागला की घरात दाब कमी होतो आणि बाहेरची थंड हवा मिळेल त्या फटीतून आत घुसते. मग अ‍ॅडव्हायजरच्या मागे मागे फिरा आणि जिथे तो दाखवेल तिथे हात धरून बघा. बाहेरच्या भिंतीवरचा प्लगचा सॉकेट, अ‍ॅटिकचं म्हणजे छताखालच्या पोटमाळ्याचं झाकण, बेसमेंटमधे भिंत संपते आणि वरच्या मजल्याची लाकडं सुरू होतात तो पट्टा, ज्याला इथे रिम जॉइस्ट म्हणतात. त्या पट्ट्यावर हात धरला की फ्रिज उघडल्यासारखी हवा लागते. हा अंदाज तुम्ही स्वतःही घेऊ शकता, बाहेर वारा असेल त्या दिवशी उदबत्ती पेटवून खिडकीच्या कडेने हळूहळू फिरवा, धूर जिथे आडवा होतो तिथे फट आहे. पडद्यांपासून मात्र लांब धरा.

एक सावधगिरी, घर जुनं असेल, १९९० च्या आधीचं, तर अ‍ॅटिकमधे राखाडी-तपकिरी खड्यांसारखं चमकणारं इन्सुलेशन दिसतं का बघा. त्याला व्हर्मिक्युलाइट म्हणतात, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. हात लावू नका, झाडू मारू नका, वर सामान ठेवायला चढू नका, आणि अ‍ॅडव्हायजरला आधीच फोनवर सांगा, कारण तसं असेल तर ते पंख्याची टेस्ट करत नाहीत.

रिपोर्ट आला की मोह होतो थेट मशीनवर जायचा. थांबा. आधी फटी बुजवा, मग अ‍ॅटिकचं इन्सुलेशन, मग मशीन. कारण अगदी साधं आहे, घर जितकी उष्णता कमी गमावेल तितकं मशीन लहान लागतं, आणि मशीन लहान म्हणजे खर्च कमी आणि पंप सतत चालू-बंद न होता एका लयीत चालतो. इथे आता नवीन घराच्या अ‍ॅटिकला आर-६० लागतं (आर म्हणजे उष्णता अडवण्याचं माप, जितकं जास्त तितकं चांगलं), जुन्या घरात त्याचा तिसरा हिस्सासुद्धा नसतो पुष्कळदा. अ‍ॅटिकमधे सेल्युलोज, म्हणजे कागदाच्या लगद्यासारखं इन्सुलेशन, पाइपने उडवून भरायचं काम अर्ध्या-एक दिवसात होतं आणि तेवढ्यानेसुद्धा वरच्या मजल्यावरची बेडरूम बदलते, जिथे मुलं दोन ब्लँकेटं घेऊन झोपत होती. खिडक्या शेवटी. खिडक्यांचे सेल्समन सगळ्यात जास्त फिरतात, खर्च सगळ्यात जास्त आणि रिबेट एका खिडकीमागे १०० डॉलर, म्हणून काचेत बाष्प धरलेली किंवा चौकट कुजलेली असेल तरच घाई करा.

आपल्या लोकांना एक खास सांगायचंय. घर घट्ट केलं की आतली हवाही आतच राहते. आपल्याकडे रोज फोडणी, कुकरच्या शिट्ट्या, इडलीची वाफ, आणि वर सकाळच्या आंघोळी, हा सगळा दमटपणा जानेवारीत खिडकीच्या काचेवर पाणी होऊन उतरतो आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरते. तेव्हा रेंज हूड बाहेर हवा सोडणारा आहे का बघा, पुष्कळ घरांत तो नुसता फिल्टरमधून गाळून पुन्हा स्वयंपाकघरातच सोडतो. आणि गॅसचा जुना वॉटर हीटर चिमणीतून धूर सोडणारा असेल तर घर घट्ट केल्यावर तो धूर आत उलटा येऊ शकतो, हे कॉन्ट्रॅक्टरला विचारल्याशिवाय राहू नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोल्यांजवळ चालू पाहिजे, याच्यात चालढकल नको.

आता हीट पंप. थंडीत चालत नाही हे जे ऐकवतात ते जुन्या मशीनबद्दल, आताचे थंड हवामानवाले पंप उणे २५ च्या आसपाससुद्धा उष्णता देतात, फक्त कमी देतात, म्हणून बॅकअप ठेवायचा. बेसबोर्डवाल्या घराला याचा फायदा अगदी सरळ आहे, कारण बेसबोर्ड एक युनिट वीज घेऊन एक युनिट उष्णता देतो आणि पंप वर्षाच्या सरासरीत दोन-अडीच देतो, बिलात फरक डोळ्यांना दिसतो. गॅसवाल्या घरात मात्र नुसत्या बचतीच्या आशेने चालू फर्नेस काढू नका, गॅस इथे स्वस्त आहे आणि एप्रिल २०२५ मधे इंधनावर लागणारा घरगुती कार्बन चार्ज गेल्यापासून अजून स्वस्त झाला. गॅसवाल्यांसाठी माझ्या मते खरी वेळ येते एसी मरतो तेव्हा. नवीन एसी घेण्याऐवजी पंप घ्या, उन्हाळ्यात तोच थंड करतो, सप्टेंबर-ऑक्टोबर आणि एप्रिल-मे तोच घर गरम करतो, आणि कडाक्याच्या थंडीत फर्नेस आपोआप सुरू होते. रिबेटचे २,००० तिथे खरोखर उपयोगी पडतात. तुम्ही रात्री स्वस्त असणारा अल्ट्रा-लो ओव्हरनाइट विजेचा दर घेतला असेल तर ध्यानात ठेवा की त्यात कामाच्या दिवशी संध्याकाळी ४ ते ९ वीज फार महाग असते, नेमकं घरी येऊन हीटिंग वाढवायची वेळ.

कोटेशन तीन घ्या आणि प्रत्येकाला विचारा, एफ२८० या कॅनेडियन मानकाप्रमाणे हीट लॉस, म्हणजे घर किती उष्णता गमावतं, ते काढणार का? घराचं क्षेत्रफळ ऐकून जागच्या जागी तीन टनाचा (टन हे मशीनच्या ताकदीचं माप) पंप लावू म्हणणारा माणूस मला चालत नाही. गॅसच्या कामाला टीएसएसए या प्रांताच्या तांत्रिक सुरक्षा संस्थेचं लायसन्स, विजेच्या कामाला ईएसए या वीज सुरक्षा संस्थेचं परमिट, दोन्ही लेखी मागा. घराचा विजेचा पॅनल १०० अँपचा असेल आणि गाडी पण इलेक्ट्रिक घ्यायची असेल तर पॅनल मोठा करायचा खर्च आधीच धरा. आणि कोटेशनवर आतल्या-बाहेरच्या युनिटचे मॉडेल नंबर पूर्ण असू देत, कारण रिबेट त्या नेमक्या जोडीला मिळतो, योजनेच्या यादीत नसलेलं मॉडेल बसवलं तर विषय संपला.

दारावरच्या माणसाबद्दल थोडं कडक लिहितोय. नवीन घर, बाहेर बर्फ, आणि गळ्यात आयडी कार्ड अडकवलेला माणूस म्हणतो मी सरकारी प्रोग्रामकडून आलोय, फर्नेस तपासायची आहे. कोणीही सरकारी माणूस असा येत नाही. ओंटारियोत फर्नेस, एसी, वॉटर हीटर, वॉटर फिल्टर दारोदार जाऊन विकायला १ मार्च २०१८ पासून बंदी आहे, तुम्ही स्वतः बोलावलं असेल तरच घरी करार होऊ शकतो, आणि घरी केलेला करार दहा दिवसांत रद्द करता येतो. ओळखीच्या एका कुटुंबात बाबांनी, नुकतेच पुण्याहून आलेले, टॅबवर सही केली, महिना थोडेसे डॉलर म्हणून. तो भाड्याचा करार होता, दहा वर्षांचा, आणि घर विकायच्या वेळी वकिलाला घराच्या टायटलवर, म्हणजे मालकीच्या नोंदीवर, नोटीस सापडली, सोडवायला हजारो डॉलर मागत होते. त्या नोटिशीला नोसी म्हणतात, जून २०२४ च्या कायद्याने अशा घरगुती वस्तूंसाठी ती लावणं बंद झालं, पण भाड्याचे करार अजून आहेतच. घर विकत घेताना फर्नेस आणि वॉटर हीटर मालकीचे की भाड्याचे हे वकिलाकडून लेखी घ्या, आणि आईबाबा घरी एकटे असतील तर त्यांना सांगून ठेवा की इंग्रजीत कितीही गोड बोलला तरी विजेचं किंवा गॅसचं बिल दाखवायचं नाही आणि कशावरही सही करायची नाही.

पैसे हातात आधी लागतात हे विसरू नका, रिबेट नंतर येतो, तोही कागद पूर्ण असतील तरच. इन्व्हॉइसवरचं नाव, बिलावरचं नाव आणि पत्ता एकच ठेवा, बिल बायकोच्या नावावर आणि अर्ज नवऱ्याचा असं झालं की फाइल अडकते. टोरांटो शहरात राहत असाल तर होम एनर्जी लोन प्रोग्राम बघा, कर्ज प्रॉपर्टी टॅक्सबरोबर फेडायचं असतं. कॉन्ट्रॅक्टर जागेवर देतो त्या फायनान्सचा व्याजदर वर्षाचा किती आणि एकूण किती भरणार हे दोन आकडे लिहून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणि ज्यांचं उत्पन्न सध्या कमी आहे, पहिलं वर्ष, एकाचीच नोकरी, त्यांनी रिबेटच्या मागे लागण्याआधी मोफत योजना बघा. एन्ब्रिजचा होम विंटरप्रूफिंग प्रोग्राम उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना इन्सुलेशन आणि फटी बुजवणं फुकट करून देतो, सेव्ह ऑन एनर्जीचा एनर्जी अफोर्डेबिलिटी प्रोग्राम विजेवरच्या घरांना तशीच मदत करतो, आणि ओंटारियो इलेक्ट्रिसिटी सपोर्ट प्रोग्राममधे दर महिन्याच्या बिलातूनच पैसे वजा होतात. भाडेकरूसुद्धा अर्ज करू शकतात, घराच्या कामाला फक्त मालकाची संमती लागते. आपले लोक इथे संकोच करतात, दान घेतल्यासारखं वाटतं. असं वाटून घेऊ नका, हे तुमच्यासाठीच आहे. भाड्याच्या बेसमेंटमधे थंडी वाजत असेल तर आधी मालकाला लेखी कळवा, हीटिंग भाड्यात असेल तर १ सप्टेंबर ते १५ जून किमान २० डिग्री ठेवणं ही प्रांताच्या नियमाने त्याची जबाबदारी आहे, आणि तुमच्या शहराचा स्वतःचा नियम असेल तर तो लागू होतो, त्यासाठी शहराच्या ३११ या हेल्पलाइनला फोन करून विचारा.